शाळा बंद, तरी हजेरी : कोरियातील परदेशी इंग्रजी शिक्षकांच्या सुट्ट्यांचे कोडे

दक्षिण कोरियाच्या दिनदर्शिकेत २०२५ च्या ऑक्टोबर महिन्याचा पहिला पंधरवडा लाल आकड्यांनी भरून गेला होता. ३ ऑक्टोबरचा शुक्रवार हा राष्ट्र स्थापना दिन. ५ ते ७ या तारखांना चुसोक, म्हणजे पौर्णिमेला येणारा सुगीचा मोठा सण. त्यातला एक दिवस रविवारी आल्यामुळे ८ तारखेला बदली सुट्टी आणि ९ ऑक्टोबरला कोरियन लिपीचा गौरव करणारा हांगुल दिन. मधला शनिवार धरला, तर सलग सात दिवस. त्यापुढे १० ऑक्टोबरचा शुक्रवार तेवढा एकटा उरला. सरकारने तो सार्वजनिक सुट्टीचा दिवस म्हणून जाहीर केला नाही. परंतु नंतर पुन्हा शनिवार-रविवार येत असल्याने अनेक शाळांनी स्वतःच्या अधिकारात त्या दिवशी शाळा बंद ठेवली. मुलांच्या पदरात सलग दहा दिवस पडले.

त्याच शाळांतून इंग्रजी शिकविणाऱ्या परदेशी शिक्षकांपुढे मात्र एक साधा वाटणारा प्रश्न उभा राहिला : शुक्रवारी यायचे की नाही? वर्ग भरणार नाहीत, भोजनगृह बंद राहणार, सहकारी येणार नाहीत, हे उघड होते. पण ‘तुम्हालाही सुट्टी आहे’ असे कोणी स्पष्ट सांगितलेले नसेल, तर त्या दिवसाचे काय समजायचे? दहा दिवस धरून विमानाचे तिकीट काढावे, तर एक दिवस बिनरजेची गैरहजेरी लागण्याचा धोका. सात दिवसांचेच काढावे, तर शुक्रवारी कुलूपबंद फाटकापुढे उभे राहण्याची पाळी.

हा प्रश्न एका शुक्रवारापुरता नाही. कोरियात शिकविणाऱ्या परदेशी शिक्षकांच्या वर्षात असे संदिग्ध दिवस वारंवार येतात. त्यांतून पगारकपात, रद्द झालेली तिकिटे, मुख्याध्यापकांची नाराजी आणि क्वचित कराराच्या नूतनीकरणावर पडणारी छाया अशा गोष्टी उद्भवतात. बहुतेकदा यात कोणाचाही वाईट हेतू नसतो. एकाच शाळेत सुट्टीचे तीन निरनिराळे हिशेब एकाच वेळी चालू असतात आणि परदेशी शिक्षक त्यांतल्या नेमक्या कोणत्या हिशेबात बसतो, हे पुष्कळदा शाळेलाही नीट ठाऊक नसते.

कोण हे शिक्षक?

सरकारी शाळांतून इंग्रजी भाषक शिक्षक नेमण्यासाठी दक्षिण कोरियाने १९९५ मध्ये ‘इंग्लिश प्रोग्राम इन कोरिया’, म्हणजेच ‘एपिक’ ही योजना सुरू केली. निवड झालेला शिक्षक एखाद्या शहराच्या वा प्रांताच्या शिक्षण कार्यालयाकडे सोपविला जातो आणि तेथून त्याला शाळा मिळते. करार साधारणतः एका वर्षाचा, आठवड्याला ४० तास कामाचे आणि त्यांपैकी २२ तास प्रत्यक्ष अध्यापनाचे. वर्गात त्याच्यासोबत कोरियन सहशिक्षक असतो. याखेरीज ‘हाग्वोन’ नावाच्या खासगी शिकवण्यांचे फार मोठे जाळे देशभर पसरले असून परदेशी शिक्षकांचा मोठा वर्ग तेथे काम करतो.

या कामासाठी मिळणारा ई-२ व्हिसा मुख्यतः सात देशांच्या नागरिकांसाठी आहे : अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. भारतीयांसाठीही एक दार किलकिले आहे. भारत आणि दक्षिण कोरिया यांच्यातील सर्वंकष आर्थिक भागीदारी करार १ जानेवारी २०१० पासून अमलात आला. त्यातील तरतुदीनुसार पदवी आणि इंग्रजी अध्यापनाची अधिकृत पात्रता असलेल्या भारतीय नागरिकांना शालेय स्तरावर सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून काम करता येते. वाट अरुंद आहे, पण आहे. म्हणून हा विषय आपल्या वाचकांनाही सर्वस्वी परका नाही.

ई-२ व्हिसा विशिष्ट नोकरीशी बांधलेला असतो. कराराच्या मध्येच शाळा बदलायची झाल्यास सर्वसाधारणपणे आधीच्या मालकाची संमती लागते. त्यामुळे सुट्टीवरून झालेला खटका केवळ एका दिवसाच्या पगाराचा राहत नाही. राहते घर, परतीचे विमानभाडे, पुढील वर्षाचा करार या साऱ्यांचे धागे त्याच नोकरीत गुंतलेले असतात.

सुट्टीचे तीन हिशेब

पहिला हिशेब सार्वजनिक सुट्ट्यांचा. कोरियात त्यांना बोलीभाषेत ‘लाल दिवस’ म्हणतात. आपल्या भिंतीवरील दिनदर्शिकेप्रमाणे तेथेही हे आकडे लाल शाईने छापलेले असतात. सोल्लाल हे चांद्र नववर्ष आणि चुसोक हे प्रत्येकी तीन दिवसांचे सण. त्याशिवाय १ मार्चचा स्वातंत्र्य चळवळ दिन, ५ मेचा बाल दिन, बुद्धजयंती, ६ जूनचा स्मृतिदिन, १५ ऑगस्टचा मुक्तिदिन, नाताळ इत्यादी. या दिवशी शाळा, विद्यार्थी, कोरियन शिक्षक आणि परदेशी शिक्षक या सर्वांनाच सुट्टी असते. येथे संदिग्धता अशी फारशी नाही.

तरीही हे लाल दिवस स्थिर राहिलेले नाहीत. सुट्टी रविवारी आली, तर तिच्या बदल्यात पुढचा दिवस देण्याची पद्धत २०१४ च्या चुसोकपासून प्रत्यक्षात आली. २०२१ मध्ये ती मुक्तिदिनासारख्या राष्ट्रीय दिवसांना आणि २०२३ मध्ये बुद्धजयंती व नाताळ यांनाही लागू झाली. शिवाय सरकार मधूनच एखादी ‘तात्पुरती सार्वजनिक सुट्टी’ जाहीर करते. २०१६ मध्ये ६ मेच्या सुट्टीवर मंत्रिमंडळाने २८ एप्रिलला शिक्कामोर्तब केले, म्हणजे अवघे आठ दिवस आधी. १ ऑक्टोबर २०२४ आणि २७ जानेवारी २०२५ या सुट्ट्याही अशाच ऐनवेळच्या. वर्षारंभी छापलेल्या दिनदर्शिकेत त्या सापडत नाहीत.

दुसरा हिशेब शाळेच्या स्वेच्छाधीन सुट्टीचा. कोरियन भाषेत तिला ‘जेर्यांग ह्युओबिल’ म्हणतात. तेथील नियमांप्रमाणे शाळेने वर्षात सामान्यतः किमान १९० दिवस भरले पाहिजे. उरलेल्या दिवसांची मांडणी मुख्याध्यापक शाळेच्या व्यवस्थापन समितीच्या विचारविनिमयानंतर करतात. गुरुवारी लाल दिवस आला की शुक्रवार जोडून देणे, शाळेचा वर्धापनदिन पाळणे, हे सर्व यात येते. साहजिकच शेजारशेजारच्या दोन शाळांच्या सुट्ट्या सारख्या असतीलच असे नाही. दोन शाळांत आठवडा वाटून शिकविणाऱ्या शिक्षकाला एक शाळा बंद आणि दुसरी चालू असाही अनुभव येतो.

तिसरा हिशेब दीर्घ सुट्टीचा. कोरियन शैक्षणिक वर्ष मार्चमध्ये सुरू होते. जुलैच्या अखेरीस उन्हाळी सुट्टी लागते आणि ऑगस्टच्या उत्तरार्धात दुसरे सत्र उघडते. डिसेंबरच्या शेवटी वा जानेवारीत हिवाळी सुट्टी सुरू होते. काही शाळा फेब्रुवारीत निरोप समारंभासाठी थोडे दिवस भरतात, तर अनेक शाळा आता जानेवारी-फेब्रुवारीची सलग सुट्टी ठेवतात. या काळात विद्यार्थ्यांना सुट्टी असते, इतके निश्चित. शिक्षकांची सुट्टी ही वेगळी बाब आहे आणि गोंधळाचे मूळ तेथेच आहे.

कलम ४१ ची भिंत

दीर्घ सुट्टीत किंवा स्वेच्छाधीन सुट्टीच्या दिवशी कोरियन शिक्षक घरी असतात, हे पाहून परदेशी शिक्षक समजतो की सर्वांनाच सुट्टी आहे. कायद्याच्या दृष्टीने ते कोरियन शिक्षक रजेवर नसतात. तेथील शैक्षणिक लोकसेवक कायद्याच्या कलम ४१ अन्वये अध्यापनात अडथळा येत नसेल, तर शिक्षकाला संस्थाप्रमुखाच्या परवानगीने शाळेबाहेर राहून स्वतःचे प्रशिक्षण वा अभ्यास करता येतो. सुट्टीच्या काळात बहुतेक कोरियन शिक्षक याच कलमाचा आधार घेतात. कागदावर ते कामावर असतात, म्हणून त्यांची रजा खर्ची पडत नाही.

परदेशी शिक्षक हा शैक्षणिक लोकसेवक नसतो. तो कराराने नेमलेला कर्मचारी असतो. कलम ४१ ची सोय त्याला आपोआप लागू होत नाही. त्याच्यापुढे दोनच सरळ वाटा राहतात : शाळेत हजर राहणे किंवा करारातील रजा टाकणे. तिसरी वाट मुख्याध्यापकांच्या उदारतेची. ‘कोणीच नाही, तर तुम्ही तरी कशाला येता?’ असे म्हणून अनेक मुख्याध्यापक परदेशी शिक्षकालाही मोकळे करतात. काहीजण हजेरीचा आग्रह धरतात. काहीजण तो दिवस वार्षिक रजेतून वजा करतात. एकाच शहरातील तीन शाळांत एकाच शुक्रवारचे तीन अर्थ लागतात, ते यामुळे.

आपल्याकडील सरकारी नोकरीतही शिक्षकांना ‘व्हेकेशन’ कर्मचारी आणि कार्यालयीन सेवकांना ‘नॉन-व्हेकेशन’ कर्मचारी मानण्याची जुनी पद्धत आहे. पहिल्यांना मोठी सुट्टी, पण अर्जित रजा कमी. दुसऱ्यांना रजा अधिक, पण मे महिन्यातही कचेरी चुकत नाही. कोरियातील परदेशी इंग्रजी शिक्षक शिकवितो शिक्षकासारखा आणि त्याच्या रजेचा हिशेब मात्र कार्यालयीन सेवकासारखा मांडला जातो, असे म्हटले म्हणजे त्याची अडचण ध्यानात येते.

रिकाम्या शाळेतील दिवस

‘एपिक’च्या अलीकडच्या करारांत वर्षाला २६ कामकाजाच्या दिवसांची भरपगारी रजा असते, पूर्वीच्या करारांत ती १८ दिवस होती. ही रजा सहसा उन्हाळी व हिवाळी सुट्टीतच घ्यावी, अशी अपेक्षा असते. मुलांच्या सुट्ट्यांची एकूण बेरीज याहून पुष्कळ अधिक भरते. मग उरलेल्या दिवसांचे काय? त्यांतले काही दिवस सुट्टीतील इंग्रजी शिबिरांत जातात. बाकीच्या दिवशी शिक्षक सकाळी साडेआठच्या सुमारास शाळेत येतो, आपल्या मेजापाशी बसतो आणि साडेचारला घरी जातो. परदेशी शिक्षकांच्या बोलण्यात याला ‘डेस्क वॉर्मिंग’, म्हणजे खुर्ची ऊबदार ठेवणे, असे गमतीचे नाव आहे.

जानेवारीतल्या कडाक्याच्या थंडीत हे नाव तेवढे गमतीचे उरत नाही. वर्ग रिकामे असल्याने इमारतीत ऊब बेताचीच असते, भोजनगृह बंद असल्याने डबा आणावा लागतो, भेटलेच तर कार्यालयातील एखाददुसरे माणूस. पण कराराच्या दृष्टीने तो पूर्ण कामाचा दिवस असतो. कोणी पाहत नाही म्हणून दुपारी दोनला निघून गेलेल्या शिक्षकाची नोंद नेमक्या त्याच दिवशी होते, ही अनुभवी शिक्षकांनी नवख्यांना दिलेली नेहमीची सूचना. पगार चालू असलेला वेळ आहे, हे मान्य करून अनेकजण तो कोरियन भाषा शिकण्यात किंवा पुढील सत्राचे पाठ तयार करण्यात घालवितात.

निरोप का पोहोचत नाही?

इतका नियमबद्ध देश, मग सुट्टीचा साधा निरोप वेळेवर का मिळत नाही? एक कारण सरळ भाषेचे. शाळेतील सूचना संगणकावरील अंतर्गत संदेशांतून फिरतात आणि त्या कोरियन भाषेत असतात. दिवसाला दहा-वीस संदेश येतात. त्यांतला एखादाच परदेशी शिक्षकाच्या उपयोगाचा असतो. तो त्याला समजावून सांगण्याचे काम सहशिक्षकावर येते. सहशिक्षकावर स्वतःच्या वर्गांचा आणि कागदपत्रांचा भार असतो. परदेशी सहकाऱ्याची देखभाल हे त्याच्या कामाच्या यादीतले आणखी एक काम. ‘सगळ्यांना ठाऊकच आहे’ असे त्याला वाटते, कारण कोरियन बोलणाऱ्या सगळ्यांना ते खरोखरच ठाऊक असते.

दुसरे कारण अधिकाराचे. सुट्टी आहे की नाही, हे सहशिक्षक ठरवीत नाही. हजेरी आणि रजेचा कारभार सामान्यतः उपमुख्याध्यापक पाहतात आणि अंतिम संमती मुख्याध्यापकांची असते. सहशिक्षक बहुधा वयाने व पदाने कनिष्ठ असतो. वरिष्ठांकडे जाऊन ‘त्या शुक्रवारी परदेशी शिक्षकाने यायचे का?’ असे विचारणे त्याला अवघड वाटते, कारण प्रश्न विचारणे म्हणजे एखादी सवलत मागणे, असा अर्थ निघू शकतो. मग तो मोघम उत्तर देतो : ‘बहुतेक नसेल यायचे.’ या ‘बहुतेक’वर विसंबून तिकीट काढलेल्या शिक्षकाला पुढे कळते की ते मत सहशिक्षकाचे होते, शाळेचे नव्हे.

तिसरे कारण स्वभावरीतीचे. कोरियन समाजात ‘नुन्छी’ या गुणाला मोल आहे. न बोललेले ओळखणे, समोरच्याच्या चेहऱ्यावरून आणि वातावरणावरून आपले वागणे ठरविणे, असा त्याचा आशय. ‘न सांगता कळायला हवे’ ही अपेक्षा मराठी घरांतही अनोळखी नाही. पण जेथे एका दिवसाच्या उपस्थितीवर पगार अवलंबून असतो, तेथे चेहरे वाचण्यावर भिस्त ठेवणे परक्या माणसाला महागात पडते. तो लिखित करार वाचून आलेला असतो आणि ज्या शाळेत येतो, तेथे कराराइतकेच वजन वरिष्ठांच्या तोंडी शब्दाला असते.

उलटे पडणारे दिवस

काही दिवशी हे गणित नेमके उलटे होते. १ मे हा कामगार दिन त्यांतला सर्वांत ठळक. दीर्घकाळ हा दिवस सार्वजनिक सुट्ट्यांच्या यादीत नव्हता. कामगार कायद्याखाली येणाऱ्यांसाठी ती भरपगारी सुट्टी होती. कोरियन शिक्षक लोकसेवक असल्याने ते त्या दिवशी शाळेत येत आणि वर्गही भरत. परदेशी शिक्षक कराराने नेमलेला कामगार ठरत असल्याने त्याला मात्र सुट्टीचा दावा करता येई. कलम ४१ च्या ज्या भिंतीमुळे तो जानेवारीत रिकाम्या शाळेत बसतो, तीच भिंत १ मे रोजी त्याच्या बाजूने उभी राही. प्रत्यक्षात अनेक शाळांच्या हे ध्यानातही येत नसे. वेळापत्रकात त्याचे तास नेहमीप्रमाणे लावलेले असत.

नोव्हेंबरातील एका गुरुवारी विद्यापीठ प्रवेशाची राष्ट्रीय परीक्षा, म्हणजे ‘सुनुंग’, होते. त्या दिवशी कचेऱ्या तासभर उशिरा उघडतात आणि इंग्रजी श्रवण परीक्षेच्या वेळी विमानांची उड्डाणे व अवतरणेही थांबविली जातात. परीक्षा केंद्र असलेल्या शाळांचे वर्ग भरत नाहीत, कोरियन शिक्षक पर्यवेक्षणाला जातात आणि परदेशी शिक्षकाने काय करायचे, हे ऐनवेळपर्यंत कोणी बोललेले नसते.

वादळांचेही तसेच. ऑगस्ट २०१२ मधील बोलावेन वादळाच्या वेळी देशातील अनेक भागांत शाळा बंद ठेवल्या गेल्या. सप्टेंबर २०२२ मध्ये हिन्नामनोर वादळ आले, तेव्हा बुसानच्या शाळांचे वर्ग ऑनलाइन घेतले गेले. आपल्याकडे पावसाचा रेड अलर्ट आला की ‘विद्यार्थ्यांना सुट्टी, शिक्षकांनी यायचे का?’ हा प्रश्न आदल्या रात्री व्हॉट्सअॅपवर फिरू लागतो. तिकडची परिस्थिती वेगळी नाही. फक्त तेथे उत्तर परक्या भाषेत येते.

हाग्वोनचे वेगळे जग

खासगी हाग्वोनमध्ये कोडे आणखी निराळे. शाळांना सुट्टी लागली की शिकवण्यांचा हंगाम सुरू होतो, म्हणून तेथे शाळेच्या दिनदर्शिकेचा उपयोग नाही. सुट्टी बहुधा जुलै-ऑगस्टच्या सांध्यावर आणि वर्षअखेरीस थोडे दिवस, तीही मालक ठरवील तेव्हा. लाल दिवशी बुडालेला तास शनिवारी भरून काढण्यास सांगितले जाण्याचे प्रसंगही घडतात.

येथे कामगार प्रमाण कायदा महत्त्वाचा ठरतो आणि त्यात मालकाकडे किती माणसे कामाला आहेत, हा प्रश्न निर्णायक असतो. लाल दिवस भरपगारी सुट्टी म्हणून देण्याचे बंधन ३०० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना २०२० पासून, ३० ते २९९ कामगारांच्या आस्थापनांना २०२१ पासून आणि ५ ते २९ कामगारांच्या आस्थापनांना १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. पाचपेक्षा कमी कामगार असलेल्या लहान हाग्वोनला ते लागू नाही. वार्षिक रजेची तरतूदही नाही. तेथे करारात जे लिहिले असेल, तेवढाच आधार.

पाच वा अधिक कामगार असतील, तर कलम ६० प्रमाणे पहिल्या वर्षी पूर्ण हजेरीच्या दरमहा एक, म्हणजे जास्तीत जास्त ११ दिवस रजा मिळते. वर्षभरात ८० टक्के हजेरी भरल्यावर पुढच्या वर्षासाठी १५ दिवस. नेमक्या एक वर्षाच्या कराराने काम करणाऱ्याला ११ आणि १५ मिळून २६ दिवसांचा हक्क पोहोचतो का, हा वाद तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये न्यायालयाने ११ दिवसांचाच हक्क मान्य केला. परदेशी शिक्षकांचे करार बहुतांशी एक वर्षाचेच असल्याने हा निर्णय त्यांना थेट भिडतो. सरकारी शाळांच्या करारात रजा आधीच लिहिलेली असते; हाग्वोनमध्ये असा करार नसेल, तर कायद्याचे हे किमान परिमाण लागू होते.

मालकाने ‘उद्या वर्ग नाहीत, तुमची एक रजा धरली’ असे परस्पर म्हणणे कायद्याला धरून नाही. रजा कोणत्या दिवशी घ्यायची, हे निवडण्याचा हक्क मुळात कामगाराचा आहे. कामात गंभीर अडथळा येत असेल, तर मालक फक्त दिवस बदलून मागू शकतो. ठरावीक दिवशी सर्वांची रजा धरायची असेल, तर कलम ६२ प्रमाणे कामगारांच्या प्रतिनिधीशी लेखी करार लागतो. मालकाच्या कारणाने काम बंद राहिले, तर कलम ४६ अन्वये सरासरी वेतनाच्या किमान ७० टक्के भरपाईचीही तरतूद आहे.

विचारायचे कसे?

अनुभवी शिक्षक या संदिग्धतेवर तक्रारीपेक्षा पूर्वतयारीने मात करतात. मार्चमध्ये शाळा उघडताच ते ‘हाक्सा इल्जोंग’, म्हणजे वार्षिक शैक्षणिक वेळापत्रक, मागून घेतात. ते सहसा शाळेच्या संकेतस्थळावरही असते. त्यात तीन शब्द शोधायचे : ‘गोंगह्युइल’ म्हणजे सार्वजनिक सुट्टी, ‘जेर्यांग ह्युओबिल’ म्हणजे स्वेच्छाधीन सुट्टी आणि ‘बांगहाक’ म्हणजे दीर्घ सुट्टी. पहिला शब्द असेल, तर निश्चिंत राहावे. दुसरा किंवा तिसरा असेल, तर विचारणे भाग आहे. दुपारच्या जेवणाचे मासिक पत्रकही उपयोगी पडते : ज्या कामाच्या दिवशी जेवणाचा रकाना रिकामा, त्या दिवशी मुले नाहीत, हे उघड आहे.

प्रश्नाची मांडणी महत्त्वाची. ‘शुक्रवारी सुट्टी आहे ना?’ असे विचारले, तर ‘हो’ हे उत्तर मिळते. कारण शाळेला खरोखरच सुट्टी असते. विचारायला हवे ते असे : ‘१० तारखेला मी शाळेत हजर राहणे अपेक्षित आहे का? नसल्यास तो दिवस माझ्या रजेतून वजा होणार आहे का? हे कृपया उपमुख्याध्यापकांना विचारून कळवाल का?’ या प्रश्नात व्यक्ती, दिवस, रजेचा हिशेब आणि अधिकारी या चारही गोष्टी स्पष्ट होतात. सहशिक्षकावर निर्णयाचे ओझेही पडत नाही. तो केवळ निरोप्या राहतो. हा प्रश्न संदेशाने, शक्य तर दोन्ही भाषांत, दोन-तीन आठवडे आधी पाठविला, तर उत्तरही लेखी मिळते. पुढे मुख्याध्यापक बदलले किंवा सहशिक्षकाची बदली झाली, तरी तो कागद टिकतो.

तिकिटापूर्वी मंजुरी, हा दुसरा दंडक. तोंडी होकारावर न थांबता रजेचा अर्ज यंत्रणेत नोंदवून त्यावर संमती झाल्याची खात्री करावी लागते. करार कोरियन आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत असेल, तर मतभेद झाल्यास कोणती प्रत ग्राह्य धरायची, हे सही करण्यापूर्वीच पाहावे. वाद निर्माण झालाच, तर सरकारी शाळेतील शिक्षकाने आधी शिक्षण कार्यालयातील समन्वयकाकडे जावे. रोजगार व कामगार मंत्रालयाची १३५० आणि परदेशी नागरिकांसाठीची १३४५ या दूरध्वनी सेवांवरून माहिती मिळते. मात्र एका दिवसासाठी कामगार कार्यालयाची पायरी चढावी का, याचा विचार त्याच शाळेत आणखी दहा महिने काढायचे असलेल्या माणसाला करावाच लागतो.

चतुर्थी आणि चुसोक

गोव्यातून किंवा महाराष्ट्रातून तेथे जाणाऱ्या शिक्षकासमोर आणखी एक पंचांग असते. कोरियातील दुसरे सत्र ऑगस्टच्या उत्तरार्धात उघडते आणि गणेश चतुर्थी त्याच्या पहिल्याच आठवड्यांत येते. त्या वेळी रजा मिळणे कठीण. दिवाळीही सत्राच्या मधोमध येते. मे महिन्यात आपल्याकडे शाळा बंद असतात, तेव्हा तेथे वर्ग भरात असतात. चुसोक हा आठव्या चांद्र महिन्याच्या पौर्णिमेचा सण असल्याने तो पुष्कळ वेळा अनंत चतुर्दशीच्या आसपास पडतो. २०२४ मध्ये तर दोन्ही एकाच दिवशी, १७ सप्टेंबरला आले. २०२५ मध्ये चुसोक ६ ऑक्टोबरला, आपल्या कोजागरीच्या दिवशी आला. चतुर्थीला घरी पोहोचता आले नाही, तरी एखाद्या वर्षी विसर्जनाला पोहोचण्याची शक्यता असते, ती यामुळे. त्या वर्षी तीन लाल दिवसांना जोडून शाळेने एखादा दिवस दिला आहे का आणि तो शिक्षकालाही लागू आहे का, यावर घरी येणे वा न येणे ठरते.

यापेक्षाही कठीण प्रसंग घरातल्या आजारपणाचा वा मृत्यूचा. अशा वेळी ठरावीक दिवसांची विशेष रजा ‘एपिक’सारख्या करारांत असते, कोणत्या नात्यासाठी किती दिवस, हे करारातच लिहिलेले असते. निरोप आला त्या रात्री ते कलम पहिल्यांदा शोधण्याची वेळ कोणावर येऊ नये. प्रवासात जाणारे दोन दिवस धरले, तर तेथला प्रत्येक दिवस मोलाचा असतो.

परदेशी नोकरीचा विचार करताना पगार, घर आणि विमानभाडे यांची चौकशी सर्वजण करतात. सुट्टीचे कलम शेवटच्या पानावर असते आणि ते बहुधा चाळून सोडले जाते. कोरियातील शाळांचा अनुभव पाहता सही करण्यापूर्वी तेच पान सर्वांत सावकाश वाचले पाहिजे. करारात ‘सुट्टी’ हा शब्द जेथे जेथे आला असेल, तेथे ती कोणाची सुट्टी, एवढे विचारून ठेवले, तरी पुढच्या वर्षभरातला बराच मनस्ताप टळतो.